एका नेवरीने काय होतंय?



आगमनकाळाची गुलाबी मेणबत्ती पेटली की आपल्या आळीआळीतून तुपाचा आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास येऊ लागतो. रात्रीची जेवणे आटोपली की सारे घर कुलकुल वळायला बसते. मग नेवऱ्या, मिल्क क्रीम, मार्झिपान, दोदोल आणि शेवटी केक. नाताळच्या सकाळपासून ताटे निघतात. पहिली नातेवाइकांकडे, नंतर हिंदू शेजाऱ्यांकडे, कारण दिवाळीत त्यांच्या फराळाचे ताट आपल्याकडे आलेले असते आणि ते रिकामे परत करायची आपली रीत नाही. पाहुणा दारात आला की प्रत्येक घरात तेच वाक्य ऐकू येते: "घ्या हो, एका नेवरीने काय होतंय?"

या रविवारी मला त्या एका वाक्याविषयी लिहायचे आहे. दिसायला ते साधे आहे, पण त्यात एक जुने तात्त्विक कोडे दडलेले आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला ग्रीक विचारवंत युबुलिडीस याच्या नावावर ते सांगितले जाते. गव्हाचा एक दाणा म्हणजे ढीग नव्हे. त्यात आणखी एक टाकला तरी ढीग होत नाही. एका दाण्याने कधीच ढीग होत नसेल, तर ढीग होतो केव्हा? सेमिनरीत हे कोडे पहिल्यांदा ऐकताना तो नुसता शब्दांचा खेळ वाटतो. नाताळच्या आठवड्यात मात्र तो खेळ राहत नाही.

एका नेवरीने खरोखरच काही होत नाही. यजमान खोटे बोलत नाही. पण पाहुण्याला त्या दिवशी बारा घरी जायचे असते आणि बाराही घरी हेच खरे वाक्य त्याला ऐकवले जाते. प्रत्येक घरचे प्रमाण वेगळे. तरी एका नेवरीत दोन लहान चमचे साखर धरली, तर बारा घरांचे चोवीस चमचे झाले, म्हणजे जवळजवळ शंभर ग्रॅम. त्यात चहा आणि केक धरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जी मार्गदर्शक मर्यादा घातली, तीनुसार निरोगी माणसाच्या आहारात वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे पन्नास ग्रॅमच्या आत असावी आणि पंचवीसच्या आत राहिली तर अधिक चांगले. गूळ आणि मधही त्यातच मोजायचे. "आमच्या नेवरीत गूळ आहे, तुम्हाला चालेल" असे मधुमेह्याला सांगणारे पुष्कळ भेटतात. गुळाला रंग आहे, चव आहे, पण रक्तात गेल्यावर तोही साखरच. (आपली सुकेळीदेखील फळ म्हणून निर्धास्त खाण्याची वस्तू नव्हे. केळे वाळते तेव्हा पाणी जाते, साखर राहते.)

आता दोष कोणाचा? बारा यजमानांपैकी एकालाही अपराधी म्हणता येत नाही. नीतिशास्त्रातील अवघड प्रसंग असेच असतात. प्रत्येकाने चांगल्या भावनेने एक लहानशी गोष्ट केलेली असते आणि हानी मात्र खरी असते. भारतातील मधुमेहाचा मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील अंदाजानुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी तेरा कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपला धर्मग्राम त्यातून वगळलेला नाही. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला जातो तेव्हा पायाची बोटे गमावलेली, दृष्टी मंद झालेली माणसे भेटतात. त्यांच्यातील एकानेही एका नेवरीने पाय गमावलेला नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी ॲरिस्टॉटलच्या आधाराने प्रेमाची अगदी सरळ व्याख्या केली आहे: दुसऱ्याचे भले इच्छिणे म्हणजे प्रेम. या व्याख्येपुढे आपला आग्रह ठेवून पाहावा. "माझ्या हातचे नाही खाल्ले तर मला वाईट वाटेल" असे मी म्हणतो तेव्हा मी कोणाचे भले इच्छितो? पाहुण्याचे की माझे? आपल्याकडे आग्रह हा आदरातिथ्याचा दागिना मानला जातो आणि मी त्याची थट्टा करणार नाही. आग्रहाशिवाय वाढलेले जेवण खानावळीतले वाटते, हेही खरे. पण संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी नियम लिहिला, त्यात एक सुंदर तरतूद आहे. पाहुणा आला तर मठाधिपतीने त्याच्यासाठी आपला उपवास मोडावा. तिथे यजमान पाहुण्यासाठी वाकतो. आपल्या आग्रहात पाहुण्याने यजमानासाठी वाकावे अशी अपेक्षा असते. आदरातिथ्य इथे उलटे झाले आहे आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

याचा अर्थ फादर नाताळच्या फराळाविरुद्ध आहेत असा कोणी घेऊ नये. ख्रिस्तसभा गोडाची वैरी कधीच नव्हती. खादाडपणाला सात प्रमुख पापांत गणणाऱ्या त्याच परंपरेने सुखाकडे ताठरपणे पाठ फिरवणे हाही दुर्गुण मानला आहे. अक्वायनस तसे स्पष्ट म्हणतात. असिसीचे संत फ्रान्सिस यांची गोष्ट तर तुम्हाला ठाऊक असेल. नाताळ शुक्रवारी आला तेव्हा मांस खावे की नाही असा प्रश्न निघाला. अशा दिवशी भिंतींनीसुद्धा मांस खावे, असे त्यांना वाटत होते. त्याच दिवशी श्रीमंतांनी गरिबांना पोटभर जेवू घालावे आणि बैलांना, गाढवांना नेहमीपेक्षा जास्त चारा मिळावा, अशीही त्यांची इच्छा होती. हा दुसरा भाग आपण सांगायला विसरतो.

पोप ग्रेगरी पहिले यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले. जास्त खाणे हा त्यातला फक्त एक. वेळेआधी खाणे हाही एक. मला आजच्या काळात तोच जास्त जाणवतो. आपल्या आजी-आजोबांच्या काळी चोवीस डिसेंबर हा उपवासाचा दिवस होता. १९१७ च्या धर्मविधीनियमांत तसे होते आणि १९६० च्या दशकात ते बंधन गेले. त्यांच्या तोंडात पहिली नेवरी मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर पडे. आता डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून ऑफिसात केक, शाळेत केक, संघटनेच्या पार्टीत केक. खरा नाताळकाळ पंचवीस तारखेला सुरू होतो आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो, तेव्हा आपण कंटाळलेलो असतो. गोड पदार्थ त्या सगळ्या दिवसांत पसरले तर शरीरालाही झेपतील आणि सणही दोन दिवसांत संपणार नाही.

आग्रहाच्या उलट टोकाला दुसरी चूक आहे आणि ती सुशिक्षित घरांत वाढते आहे. ती म्हणजे पहारा. सासऱ्यांच्या ताटावर सुनेची नजर, वडिलांच्या हातातला केक चारचौघांत काढून घेणारा मुलगा. हेतू चांगला असतो, पण म्हाताऱ्या माणसाचे लहान मूल होते. मग तो माणूस लपून खातो, किंवा रात्री गोड खाता यावे म्हणून दुपारचे जेवण टाळतो. इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण टाळले तर साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते, शुद्धही हरपू शकते. पहारा करणाऱ्याला हे ठाऊक नसते. आग्रह आणि पहारा, दोन्हीत एकच गोष्ट हिरावली जाते: त्या माणसाचा स्वतःचा विवेक.

एखादे आजोबा म्हणतील, "फादर, माझी अठ्ठ्याहत्तरी झाली. आता काय वाचवायचे? खाऊ द्या." या बोलण्यात तथ्य आहे. प्रत्येकाचे योग्य प्रमाण वेगळे, हे ॲरिस्टॉटलनेही मायलो नावाच्या पहिलवानाचे उदाहरण देऊन सांगितले. पहिलवानाला कमी पडणारे जेवण नवशिक्याला जास्त होते. डॉक्टरांशी बोलून, समजून उमजून आजोबांनी अर्धी नेवरी मजेत खाल्ली तर ती खादाडी नव्हे. पण हेच वाक्य पंचेचाळिशीतला, शाळकरी मुलांचा बाप बोलू लागला तर मी त्याला थांबवीन. त्याचे शरीर एकट्याचे नाही.

मराठीत आपल्याकडे एक छान शब्द आहे, 'शास्त्रापुरते'. शास्त्रापुरता कण घेतला की मान राहतो आणि यजमानाने दुसऱ्यांदा विचारू नये. काही घरांनी ताट पुढे करण्याऐवजी मध्ये ठेवून द्यायला सुरुवात केली आहे. ज्याला हवे तो उचलतो, नको त्याला खुलासा द्यावा लागत नाही. हे मला फार आवडले.

यंदा मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात केक असेलच. महिला मंडळाने तुकडे लहान कापायचे ठरवले आहे आणि शेजारच्या टेबलावर पेरूच्या फोडी व भाजलेले शेंगदाणे असतील. दोन्ही टेबलांवर वेगळी पाटी लावायची नाही, असेही ठरले आहे. 'मधुमेह्यांसाठी' असे लिहिले की तिथे कोणी जात नाही.

घरांना आशीर्वाद द्यायला मी सव्वीस तारखेपासून निघेन. दिवसाला वीस घरे आहेत. पेलाभर पाणी चालेल.

तुमचा,
फादर