दोन रेघांचा माणूस : निर्वचन आणि नीती

जपानमधील प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तेत शिकविल्या जाणाऱ्या ८० कांजी चिन्हांत ‘माणूस’ या अर्थाचे चिन्ह आहे. त्यात रेघा दोनच : एक वरून डावीकडे उतरणारी, दुसरी पहिलीच्या अंगातून निघून उजवीकडे उतरणारी. स्वतंत्र शब्द म्हणून त्याचे वाचन ‘हितो’, समासात बहुधा ‘जिन्’ वा ‘निन्’. या दोन रेघा म्हणजे एकमेकांना आधार देणारी दोन माणसे होत, असे ते शिकविताना पुष्कळदा सांगितले जाते. १९७९ साली सुरू झालेल्या ‘सान्नेन बी-गुमी किंपाची-सेन्सेइ’ या दूरचित्रवाणी मालिकेमुळे हे स्पष्टीकरण घरोघरी पोचले.

लिपीचा इतिहास मात्र वेगळा आहे. चीनमधील शांगकालीन अस्थिलेखांत हे चिन्ह म्हणजे बाजूने दिसणारा, हात पुढे घेतलेला एकच माणूस होय. दोन माणसे एकामागे एक काढली, की ‘अनुसरणे’ हा अर्थ होई. पाठीला पाठ लावून काढली, की ‘पाठ’ हा अर्थ होई, आणि तेच चिन्ह पुढे ‘उत्तर दिशा’ या अर्थी रूढ झाले. म्हणजे मानवी संबंधांची चित्रे या लिपीत आहेत. परंतु त्यांत अनुगमन आहे, तशी विन्मुखताही आहे.

मग खोट्या उगमाच्या आधारे खरी नीती शिकविणे समर्थनीय ठरते काय? भारतीय परंपरेला हा प्रश्न अपरिचित नाही. विचारपूर्वक कर्मे गुंफतो तो मनुष्य, असा अर्थ यास्काने निरुक्तात लावला. आधुनिक भाषाशास्त्राच्या कसोटीवर ती व्युत्पत्ती टिकत नाही. तरीही निर्वचन म्हणून तिचे मोल उरते. व्युत्पत्ती शब्द कोठून आला ते सांगते. निर्वचन त्या शब्दाकडून काय अपेक्षावे ते सांगते. एकाच शब्दाची अनेक निर्वचने यास्क शेजारीशेजारी ठेवतो, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे.

वात्सुजी तेत्सुरो यांनी १९३४ साली ‘निन्गेन्’ या सामासिक शब्दातील ‘माणूस’ आणि ‘मधले अंतर’ या घटकांवरून माणूस मूलतः संबंधरूप आहे, असे प्रतिपादन केले. त्यांच्या नीतिशास्त्रात समष्टीपुढे व्यक्ती गौण ठरते, हा आक्षेपही तेव्हापासून त्यांचा पाठलाग करीत आला आहे. रेघांच्या गोष्टीतील धोका याच जातीचा आहे. परस्पराधार हे मूल्य म्हणून मांडले, तर कोणी कोणावर किती भार टाकावा, हे विचारता येते. तेच मूल्य अक्षराच्या जन्मातच लिहिलेले आहे, असे सांगितले, की प्रश्न विचारणारा माणुसकीलाच नाकारतो आहे, असे भासू लागते. आणि त्या दोन रेघांतही भार सारखा नाही : एक टेकलेली आहे, दुसरी पेलते आहे.

म्हणून ती गोष्ट वर्गातून हद्दपार करण्याचे कारण नाही. ती ‘असे होते’ म्हणून न सांगता ‘असे वाचता येते’ म्हणून सांगावी. मग पेलणाऱ्या रेघेच्या बाजूनेही ते चिन्ह वाचण्याची मुभा विद्यार्थ्याला राहील.