दांडा चार इंच खाली

मित्रांनो, एक प्रश्न घेऊन आलोय. उत्तर सापडलं असतं तर कविता लिहिली असती.

माझी धाकटी बहीण डिझाईनच्या कॉलेजात आहे. मी दहावीनंतर सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा राहिलो तो राहिलोच. तिच्याकडं एक प्रकार असतो. पाच पोरं एकत्र बांधायची, पाच दिवस द्यायचे, शेवटी वस्तू मांडायची. मार्क सगळ्यांना सारखे. याला शारेट म्हणतात. पॅरिसच्या जुन्या कलाशाळेत मुदत संपली की चित्रं गोळा करायला हातगाडी फिरायची, तिचं हे नाव. मी विचारलं, गाडी ढकलायचं कोण? म्हणाली, ते नाही शिकवलं.

यंदा विषयही गाडीचाच आला. सफाई कामगारांची कचरागाडी. आमची आई पंधरा वर्षं ठेक्यावर तीच ढकलते. गटातल्या चौघांना हे ठाऊक नाही. वेळ कमी, म्हणून पहिल्याच तासाला कामं वाटली. ज्याचं इंग्रजी फाडफाड तो बोलणार. ज्याचा लॅपटॉप भारी तो चित्रं काढणार. हिचा हात चांगला, म्हणून हिला पुठ्ठा कापणं, चिकटवणं आणि रात्री खोली झाडणं. कुणी वाईट वागलं नाही. घाई होती, एवढंच.

घाईत मीही तेच करतो. तुटलेला धागा नवख्याच्या हाती देत नाही. मग नवखा शिकणार कधी? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याचं दार आपल्या माणसांना बंद होतं. धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागे आणि आपली थुंकी इतरांना चालत नव्हती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल पुढाऱ्यांपुढं टाकला. १९३६ साली लिहिलं, की जात नुसतं काम वाटत नाही, कामगारांनाच वाटून टाकते. ही चार पोरं जात मानतही नसतील. पण घाईनं ती वाटणी बिनबोभाट करून दिली.

तिसऱ्या रात्री हिच्या ध्यानात आलं, चित्रातला दांडा आईच्या छातीला लागेल. सांगायचं तर हे कसं कळलं तेही सांगावं लागणार. हिनं कटर घेतलं आणि मॉडेलचा दांडा खाली घेतला. खऱ्या गाडीत चार इंच भरतील एवढा. परीक्षकांनी नेमका दांडाच वाखाणला. बोलणारा पोरगा म्हणाला, आम्ही अभ्यास केला.

मी चिडलो. "बोलली का नाहीस? बाबासाहेबांची लेक ना तू?"

"दादा, गाडी पाच दिवसांत होते. त्या पोरांसमोर आईला उभं करायला पाच दिवस पुरत नाहीत."

मला अजून वाटतं, तिनं बोलायला हवं होतं. आईला विचारलं तर म्हणाली, "दांडा खाली आला न्हवं? मग झालं की." याला शहाणपण म्हणू की सवय?

आणि आपलं काय? १४ एप्रिलच्या अंकासाठी आपणही पाच रात्री जागलो. मी पहिलं पान लिहीत होतो. पानं लावायला, पिना मारायला, चहाला कोण होतं, आठवा जरा. धाकटीच होती, अजून दोघीजणी होत्या. अंकावर नावं आपल्या चौघांची.

पुढल्या अंकाच्या पिना मी मारणार. पहिलं पान लिहितेस का, तिला विचारलंय. म्हणाली, परीक्षा झाल्यावर बघू.