मूर्तीची रवानगी

पेण आणि त्याच्या आसपासच्या हमरापूर, जोहे या गावांतील कारखान्यांतून ज्या गणेशमूर्ती दरवर्षी मुंबई-पुण्याकडे रवाना होतात, त्यांच्याविषयी धर्मविधीची भूमिका निःसंदिग्ध आहे. भाद्रपद शुद्ध चतुर्थीस मंत्रपूर्वक प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती केवळ मृत्तिका होय, आणि उत्तरपूजेनंतर मूर्ती जागेवरून किंचित हलविली की देवत्वाने तिचा निरोप घेतला, असे मानावयाचे. स्थिर आहे तोवर देव, हलली की माती. तेव्हा कारखान्यापासून चौरंगापर्यंतच्या साऱ्या प्रवासात त्या मालाला, आणि तो वाहणाऱ्याच्या हातांना, देवत्वाचा स्पर्श कोठेही होत नाही, असा याचा अर्थ निघतो. मला हा अर्थ मान्य करता येत नाही.

हा प्रवास लहान नाही. शाडूची माती मुळात गुजरातेतून, भावनगरच्या बाजूने येते. ती मळून, साच्यांतून काढून, वाळवून, रंगवून आणि अखेरीस डोळ्यांची आखणी करून मूर्ती सिद्ध झाली की तिची गणना नगांत होते. एके काळी या तालुक्याचे तांदूळ आणि मीठ धरमतरच्या खाडीतून गलबतांनी मुंबईस जाई. मूर्ती आता ट्रक-टेम्पोंतून महामार्गाने जातात, आणि परदेशस्थ मराठी कुटुंबांसाठीच्या तर कित्येक महिने आधीच जहाजाने निघतात. पण खरी परीक्षा शहरात पोचल्यावर होते. गिरगावातल्या किंवा लालबागेतल्या गल्लीच्या तोंडाशी मोठे वाहन थांबते, आणि तेथून पुढे भर पावसात, गर्दीतून, हातगाडीवर, मग चाळीच्या अरुंद जिन्यावरून, ही ठिसूळ वस्तू माणसाच्या हातांनीच न्यावी लागते. वाटेत एक बोट दुखावले, सोंडेला चीर गेली, की मूर्ती खंडित झाली. आणि खंडित मूर्ती पूजेस वर्ज्य. ज्या अखंडत्वावाचून पुरोहिताचा मंत्र निरर्थक ठरावा ते अखंडत्व राखणारा मनुष्य विधीच्या बाहेरचा कसा मानावा?

याच पेण तालुक्यातील गागोदे येथे 1895 साली विनोबा जन्मले. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने करताना त्यांनी ‘विकर्म’ या पदाचा निराळाच अर्थ लावला : बाहेरच्या कर्माशी चित्ताची जोड घालणारी आतली क्रिया ती विकर्म, आणि या दोहोंच्या संयोगातून अकर्म निपजते, कर्म असूनही त्याचा भार उरत नाही. यावर कोणी आक्षेप घेईल की, हमालाचे चित्त भाड्याकडे असते. तो कदाचित अन्य धर्माचा असेल, या देवाला मानतही नसेल. असो. जी वस्तू आपली नाही, जिच्या पूजेला आपल्याला आमंत्रण नाही, तिच्यासाठी प्रत्येक पायरीवर श्वास रोखून पाऊल टाकणे ही जर चित्ताची क्रिया नव्हे, तर आमच्या षोडशोपचारांतील किती उपचारांना ती म्हणता येईल, हे प्रामाणिकपणे तपासावे लागेल.

मात्र या विचाराचा एक दुरुपयोग संभवतो, आणि तो मला फार भयावह वाटतो. सेवेला पुण्य म्हटले की मोबदला टाळण्याची सबब हाती येते. ओझे वाहणाऱ्यांची मजुरी व भविष्यनिर्वाह निधी यांची कायदेशीर तजवीज होण्यासाठी महाराष्ट्रात 1969 चा माथाडी कायदा व्हावा लागला. तोवर श्रमाची स्तुती करणारे थोडे नव्हते. म्हणून माझे म्हणणे असे की, हमालाच्या कर्माचे देवत्व मानणाऱ्याने ते प्रथम त्याच्या हिशेबात मानावे. पुरोहितापुढे दक्षिणा ठेवताना घासाघीस करणे आपल्याला अधर्म वाटते. त्याच मूर्तीला तिसऱ्या मजल्यावर सुखरूप आणणाऱ्याशी दाराशीच पाच-दहा रुपयांवरून हुज्जत घालताना तसे वाटत नाही, आणि हा भेद कोणत्याही शास्त्राने सांगितलेला नाही, तो आपण स्वतः केलेला आहे.