सोशिकतेचा हिशेब

माझ्या आत्याला हात जोडता येत नसत. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या तिच्या घरी आम्ही सुटीत जात असू, तेव्हा पहाटे स्वयंपाकघरात ती कोमट पाण्याच्या पातेल्यात बोटे बुडवून बसलेली दिसे. तास-दीड तास गेल्याखेरीज बोटे वळत नसत, आणि बोटे वळल्याखेरीज भाकरी थापता येत नसे. रविवारी मिस्सेला ती दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसायची. तळव्याला तळवा लागतच नव्हता. तिच्या तोंडून कण्हण्याचा शब्द कधी निघाला नाही. ‘बाई मोठी सोशिक,’ असे सारे धर्मग्राम म्हणे, आणि ते खरेही होते. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने ती गेली. प्रवचनात तिच्या सोशिकतेचाच गौरव झाला. तिचे सांधे आणि तिचे हृदय यांचा काही संबंध असेल, हे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही.

तो संबंध असू शकतो, हे आज आपण जाणतो. वयोमानाने गुडघे झिजतात तो विकार निराळा. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला आपल्याकडे बहुधा आमवात किंवा नुसताच संधिवात म्हणतात, त्यात शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच शरीरावर उलटते. हा दाह बोटांच्या पेरांत थांबत नाही. रक्तवाहिन्या, हृदय व फुप्फुसे यांनाही तो पोखरतो. पुरुषांच्या मानाने स्त्रियांना हा आजार दोन ते तीन पटींनी अधिक होतो. १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी इंदापूर तालुक्यातील भिगवण गावी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. दोनशे प्रौढांमागे सुमारे एकाला हा आजार असल्याचे तीत आढळले. दोनशे माणसे म्हणजे एखाद्या मध्यम धर्मग्रामातील रविवारची सकाळच. आपल्या बाकांवरही अशी एखादी माउली बसलेली असणार.

या रुग्णांचे आयुष्य इतरांहून कमी भरते का, हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतील डॉक्टरांनी १९५३ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला होता. त्यानंतरच्या अनेक पाहण्या एकत्र केल्या असता, समवयस्कांच्या तुलनेत या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण साधारण दीडपट भरते. कारणांत हृदयविकार अग्रभागी असतो. जंतुसंसर्ग व फुप्फुसांचे विकार त्याच्या मागोमाग येतात.

मात्र ‘दीडपट’ हा आकडा एका माणसाला काय सांगतो? खरे पाहता फारच थोडे. तो हजारोंविषयी बोलतो. माझ्या आत्याविषयी तो मुका आहे. हा आजार नसता तर ती ऐंशी वर्षे जगली असती, असे कोणीही छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. फ्रेंच चित्रकार रेन्वार यांना पन्नाशीच्या सुमारास याच आजाराने गाठले. तरीही ते १९१९ पर्यंत, म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षे जगले आणि अखेरपर्यंत चित्रे काढीत राहिले. सरासरी म्हणजे कोणाच्या कपाळी लिहिलेला लेख नव्हे. म्हणूनच रुग्णाच्या कानी हा आकडा भविष्यवाणीसारखा घालणे क्रूरपणाचे आहे.

मग हा आकडा आहे तरी कोणासाठी? माझ्या मते तो रुग्णापेक्षा रुग्णाच्या भोवतालच्यांसाठी आहे. कारण हे प्रमाण अटळ नाही. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेतून १९४० च्या दशकात मेथोट्रेक्झेट हे औषध पुढे आले. प्रारंभी ते कर्करोगावर वापरले गेले. १९८८ साली अमेरिकेत या संधिवातासाठी त्याला मान्यता मिळाली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, १२४० रुग्णांच्या पाहणीत हे औषध घेणाऱ्यांतील मृत्यूचे प्रमाण इतरांच्या निम्म्याहूनही कमी दिसले. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, २००१ नंतर निदान झालेल्या रुग्णांत पहिल्या पाच वर्षांपुरता तरी मृत्यूचा तो जादा धोका उरला नसल्याचे आढळले. लवकर निदान आणि नेमाने उपचार, एवढ्यावर पुष्कळ अवलंबून आहे. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतले तर ते जिवावर बेतते. मधूनमधून रक्त तपासावे लागते. म्हणजे घरातील कोणीतरी वार लक्षात ठेवला पाहिजे, कोणीतरी सोबत गेले पाहिजे.

इथे सोशिकतेचा प्रश्न उभा राहतो. दुःख हा आपला क्रूस आहे आणि तो निमूटपणे वाहावा, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यात सत्य आहे. हा आजार आटोक्यात येतो, पण बहुधा मुळापासून जात नाही. सर्व उपाय योजल्यावरही जे दुखणे उरते ते धैर्याने सोसणे, हा सद्गुणच होय. परंतु उपाय हाताशी असताना, तो न शोधता दुसऱ्याच्या सोसण्याचे कौतुक करीत बसणे हा कोणता सद्गुण? वाटेवर घायाळ पडलेल्या माणसाला चांगल्या शोमरोन्याने सहनशीलतेचे प्रवचन दिले नाही. त्याने जखमांवर तेल ओतले आणि उतारशाळेचे पैसे भरले.

आत्या कण्हत नव्हती, हे आम्हांला सोयीचे होते. ती कण्हली असती तर भाकरी कोणी थापायची, हा प्रश्न घरात निघाला असता. तिला मोठ्या डॉक्टरांकडे कोणी न्यायचे, हाही निघाला असता. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून दुखणे दबवणाऱ्या गोळ्या येत राहिल्या आणि आम्ही निश्चिंत राहिलो. सोसण्याचा गुण तिचा होता, सवलत मात्र आम्ही घेतली. तिचे आयुष्य आमच्यामुळे उणे झाले की नाही, ते परमेश्वर जाणे. तो हिशेब मला मांडता येत नाही. दुसरा मात्र मांडता येतो: इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणी तिला किती वेळा विचारले की, ‘सकाळी बोटे किती वेळ आखडलेली असतात?’ एकदाही नाही.

रेन्वार यांच्या वाकलेल्या बोटांत कुंचला कोणीतरी ठेवून देत असे. आपल्या घरी, आपल्या बाकावर, पहाटे बोटे कोमट पाण्यात बुडवणारे कोणी असेल, तर त्याच्या सोशिकतेची वाखाणणी येत्या रविवारपुरती बाजूला ठेवू या. त्याऐवजी त्याला तो एक साधा प्रश्न विचारू या, आणि उत्तर तासाच्या घरात आले, तर सोमवारी त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जाऊ या.