साखर डब्यात का टिकते?

चि. सानिकास,


‘विकरं पेशीला ऊर्जा देतात’ हे तुझ्या पत्रातलं वाक्य क्लासच्या नोट्समधलं दिसतंय. खोडून टाक. विकर, म्हणजेच एन्झाइम, पेशीला तिळाएवढीही ऊर्जा देत नाही. ऊर्जा येते ती भाकरीतून.

मग ते करतं काय? साखर आणि ऑक्सिजन यांच्यापासून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होणं हा उताराचा प्रवास. त्यात ऊर्जा सुटते. तरीही डब्यातली साखर वर्षानुवर्षं साखरच राहते. कारण उताराला लागण्याआधी रेणूंना एक चढ पार करावा लागतो. ती सक्रियण ऊर्जा. विस्तवाने तो चढ पार होतो, पण पेशीला 37 अंशांतच भागवायचं असतं.

विकर त्या डोंगरातून बोगदा काढतं. कशेडी घाटाला बोगदा झाला, म्हणून पोलादपूर आणि खेड यांची उंची बदलली का? तसंच इथे. सुरुवातीची आणि शेवटची ऊर्जा होती तेवढीच राहते, मधली वाट तेवढी सोपी होते. किती सोपी, ते ऐक. आरएनएचे घटक तयार होताना एक अभिक्रिया घडते. विकर नसेल तर तिच्यातले निम्मे रेणू बदलायला सुमारे 7 कोटी 80 लाख वर्षं लागतील, असं रिचर्ड वुल्फेंडेन यांनी 1995 मध्ये दाखवलं. विकर असलं की हेच काम सेकंदाच्या काही अंशांत उरकतं.

मला मात्र बोगद्यापेक्षा डोंगराचंच कौतुक जास्त आहे. तो नसता तर साखर, लाकूड, तुझे केस, सगळं हवेत आपोआप जळून गेलं असतं. वाट अडलेली आहे म्हणूनच कोणती अभिक्रिया केव्हा चालू द्यायची, हे पेशीच्या हाती राहतं.

आता खुद्द चढाची कामं, म्हणजे शेवटची ऊर्जा सुरुवातीपेक्षा जास्त असते ती. ग्लुकोजला फॉस्फेट जोडायला दर मोलमागे सुमारे 14 किलोज्यूल लागतात. नुसत्या विकराने हे होणार नाही. तिथे एटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू लागतो. त्याचा एक फॉस्फेट सुटला की साधारण 30 किलोज्यूल मिळतात. हेक्झोकायनेज नावाचं विकर दोघांना एकाच खाचेत आणून एटीपीचा फॉस्फेट थेट ग्लुकोजवर बसवतं आणि एकूण हिशेब उताराचा होतो. एटीपी दुसरीकडे कुठे फुटला असता, तर ती ऊर्जा नुसती उष्णता होऊन वाया गेली असती.

एटीपीचा शोध 1929 चा. जर्मनीत कार्ल लोहमान आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्के व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना तो स्वतंत्रपणे सापडला. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. पुस्तकात त्यांचं नाव नसेल तर समासात लिहून ठेव. आणि एका ग्लुकोजच्या ज्वलनातून 38 एटीपी मिळतात हा गाइडमधला आकडा जुना झाला. आता 30 ते 32 धरतात.

एक काम सांगतो. औषधांच्या दुकानातून 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आण. आईला शेजारी उभं कर, डोळे सांभाळ. एका कच्च्या आणि एका उकडून गार केलेल्या बटाट्याच्या फोडीवर ते थोडं थोडं ओत. दोन्हींवर काय दिसलं आणि फरक का पडला, ते नोट्स न बघता मला लिहून पाठव.

तुझे,
आजोबा