शांतता कोणाच्या खर्चाने?

फोमने आवाज अडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. रील्समध्ये भिंतीला चिकटवलेले काळे, त्रिकोणी दातांचे फोमचे तुकडे दिसतात ना, ते खोलीतला घुमारा कमी करतात. बाहेरच्या ट्रॅक्टरला त्यांच्याशी काही देणंघेणं नसतं. आवाज शोषणं वेगळं आणि अडवणं वेगळं. शोषायला मऊ, सच्छिद्र वस्तू लागते. अडवायला वजन लागतं. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर जेमतेम पाच-सहा डेसिबल जास्त अडतात, आणि कानाला आवाज ‘अर्धा झाला’ असं वाटायला साधारण दहा डेसिबल कमी व्हावे लागतात. म्हणजे शांतता ही फार जड वस्तू आहे. अगदी किलोच्या हिशोबात जड.

हे सगळं वाचायची वेळ आली कारण माझी धाकटी बहीण व्हॉइस-ओव्हर करते आणि घरातला इंजिनिअर मी. यवतमाळला दारव्हा रोडच्या आतल्या गल्लीत आमचं घर. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम इथूनच करतो. ती ऑडिओबुकं वाचते, शाळेच्या ॲपमधले धडे वाचते, बियाण्यांच्या जाहिराती आणि शेतकऱ्यांसाठीचे माहितीपट वाचते. काम वाढलं, बूथ घ्यायचं ठरलं आणि निवड माझ्याकडे आली. मी सवयीप्रमाणे शीट उघडली. पहिल्या ओळीत तयार बूथ: अमेरिकेतली व्हिस्परूम, स्पेनमधली स्टुडिओब्रिक्स, वजन शेकड्यांनी किलो, किंमत लाखांत. दुसऱ्या ओळीत मिस्त्रीकडून बनवून घ्यायचा बूथ: प्लायच्या दोन भिंती, मधे पोकळी, पोकळीत रॉकवूल. तिसऱ्या ओळीत सध्या चालू आहे ती व्यवस्था: कपाटाच्या खोलीत तीन बाजूंनी गोधड्या, दाराखाली पायपुसणं. तिसऱ्या ओळीपुढे खर्चाच्या रकान्यात शून्य होतं.

त्या शून्याजवळ मी अडकलो.

आमच्या घरात सकाळपासून काय वाजतं ते सांगतो. नगरपालिकेची घंटागाडी आणि तिचं गाणं. नळ आला की टुल्लू पंप. मिक्सर, कुकर, शेजारच्यांचं वेल्डिंग. सोयाबीन निघालं की गावाकडे जाणारे ट्रॅक्टर, आणि नवरात्रात तर विचारूच नका. यवतमाळचा दुर्गोत्सव पाहायला लोक लांबून येतात, आम्ही तो खिडकीच्या तावदानांच्या थरथरीतून ऐकतो. आणि मार्च ते जून कूलर. पारा ४५ च्या आसपास असताना कूलर बंद करणं म्हणजे काय, हे विदर्भाबाहेरच्या वाचकाला शब्दांत सांगता येणार नाही.

तर गोधड्यांच्या खोलीत रेकॉर्डिंग चालू असताना हे सगळं अडवलं कसं जातं? बाहेरचं अडवलं जातच नाही, त्यासाठी थांबायचं. घरातलं मात्र अडवता येतं. बहिणीने दार लावलं की आई मिक्सर लावत नाही. बाबा खोकला आला की अंगणात जातात. कूलर बंद, पंखा बंद, टीव्ही म्यूट. दिवसाचे तीन तास. एकदा आई म्हणाली, “मंग म्या काय मुक्यानं सयपाक करू?” तक्रार नव्हती, ती हसतच म्हणाली होती. पण शीटमध्ये जे शून्य लिहिलं होतं त्याची किंमत त्या वाक्यात होती. सगळ्यात स्वस्त साउंडप्रूफिंग म्हणजे घरातल्या माणसांनी गप्प बसणं. ते कुठल्याच कोटेशनमध्ये येत नाही, म्हणून फुकट वाटतं.

आता याला दुसरी बाजू आहे आणि ती मला जास्त खटकत होती. बूथ म्हणजे विकत घेतलेली, फक्त आपली शांतता. नळाचं पाणी चांगलं नाही, तर घरी आरओ. वीज जाते, तर इन्व्हर्टर. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहरात पाण्याचे जे हाल झाले, तेव्हा ज्यांच्या बोअरला पाणी होतं ते निभावले आणि बाकीचे टँकरच्या रांगेत उभे राहिले. मध्यमवर्गाची ही जुनी युक्ती आहे: सार्वजनिक गोष्ट बिघडली की ती दुरुस्त करण्याच्या मागे लागायचं नाही, घरात एक डबा आणायचा. शांतता खरं तर कागदावर सगळ्यांची आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, दवाखाने, शाळा, न्यायालयांभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर करायची तरतूद. मोबाइलवरचं डेसिबल मोजायचं ॲप काही प्रमाणित यंत्र नव्हे, पण आमच्या गच्चीवर ते दिवसा ५५ च्या खाली क्वचितच येतं. मग बूथ घेणं म्हणजे या हक्कावर पाणी सोडून आपल्यापुरती पळवाट काढणं नाही का?

बरेच दिवस मला तसंच वाटत होतं. पण आरओ आणि बूथ यांत एक फरक आहे. आरओ लावल्याने शेजाऱ्याचं काही सुटत नाही. बूथ आला की आईचा मिक्सर सुटतो. इथे दोन मागण्या एकमेकांत गुंतल्या आहेत आणि दोन्हींना आपण ‘शांतता हवी’ असंच म्हणतो. रात्री साडेबारा वाजता डीजे बंद करा, ही मागणी वेगळी. ती झोपेसाठी आहे, आजाऱ्यासाठी आहे, आणि ती सगळ्यांसाठी मागता येते. पण दुपारी बारा वाजता, चांगला माइक घेतला म्हणून, गल्लीने वेल्डिंग थांबवावं ही मागणी कोणत्या तोंडाने करायची? त्याचं ते पोट आहे. कंडेन्सर माइकला जे ऐकू येतं त्याची जबाबदारी माइकवाल्याची. ऑडिओबुकांच्या एसीएक्स या मंचाची अट अशी की, माणूस बोलत नसताना मागचा आवाज उणे ६० डेसिबलच्या वर नको. ही पातळी जगायला लागत नाही, धंद्याला लागते. धंद्याचा खर्च धंद्याने करावा.

मिस्त्री माप घ्यायला आले तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न नेमका विचारला. “भाऊ, भायेरचा आवाज अंदर नाही आला पायजे, का अंदरचा भायेर नाही गेला पायजे?” मी म्हटलं, भिंत एकच, ती दोन्हीकडून सारखीच अडवते. त्यांना ते पटलं नाही. “कोनासाठी करून रायले ते सांगा,” म्हणाले. भौतिकशास्त्रात तो प्रश्न बाद आहे. माझ्या शीटमध्ये मात्र नेमका तोच रकाना नव्हता.

बूथचं तंत्र हवेपाशी येऊन थांबतं. जिथून हवा जाते तिथून आवाजही जातो. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त एक टक्का जागा उघडी राहिली, तर भिंत कितीही भारी असो, ती वीस डेसिबलच्या वर अडवू शकत नाही. हा साधा लॉगॅरिदम आहे. दाराखालची फट लाखभर रुपये खाऊन टाकते. म्हणून सगळं हवाबंद करायचं. पण चार बाय चार बाय सात फुटांच्या पेटीत सव्वातीन हजार लिटरच्या आसपास हवा मावते. शांत बसलेला माणूसही सुमारे शंभर वॅटची उष्णता सोडतो, तिथे बसून बोलायचं म्हटलं की दहा मिनिटांच्या आतच हवा कोंदट होते. यवतमाळच्या मे महिन्यात तर ती भट्टीच. उपाय असा की हवेला वाट द्यायची, पण वाकडी: आतून मऊ अस्तर लावलेला, तीन-चार वळणं असलेला बोगदा. हवा वळते, आवाज प्रत्येक वळणावर थोडा मरतो. त्या अस्तराला आम्ही कापूस वापरला. कपाशीच्या जिल्ह्यात राहून फोम कशाला आणायचा?

इथवर हिशोब जमत होता. मग बहिणीने एक गोष्ट ऐकवली आणि विषय पुन्हा फिरला.

तिच्याकडे फवारणी करताना घ्यायच्या काळजीचा मजकूर आला होता. तुम्हाला आठवत असेल, २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. तर हा मजकूर कोणासाठी आहे हे आमच्या घरात समजावून सांगायची गरज नव्हती. तिने तो दोनदा रेकॉर्ड केला. एकदा नेहमीसारखा आणि एकदा आपण जसं गावाकडच्या काकांना सांगू तसा, ‘वाऱ्याच्या उलटं फवारू नका बरं’ या सुरात. पलीकडून निरोप आला: दुसरा छान आहे, पण जरा न्यूट्रल ठेवू या.

न्यूट्रल म्हणजे कुठला, हे कोणी सांगत नाही. सदाशिव पेठेचा, असं म्हणायची पद्धत आहे, पण तेही आता खरं नाही. तो आता कुठलाच नाही. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून आपण ‘लीळाचरित्रा’चं नाव घेतो. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी तो इथून फार लांब नसलेल्या, वऱ्हाडातल्याच रिद्धपूरला सिद्ध केला. ज्यांनी चक्रधरांना पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडून आठवणी गोळा करून. जिथे ऐकून ऐकून मराठी गद्य उभं राहिलं, तिथलीच बोली आज नॉइज.

म्हणजे बूथ दोन आहेत. एक प्लायचा आणि एक भाषेचा. प्लायचा बूथ मिक्सर काढतो. भाषेचा बूथ गाव काढतो. पहिल्याची गरज मला पटलेली आहे, दुसऱ्याची नाही. पण पहिला दुसऱ्याला सोय करून देतो, हे नाकारता येत नाही. पूर्ण कोरा, कुठूनच न आलेला आवाज कुठेही चिकटवता येतो. माझ्या धंद्यातलं सांगतो: यंत्राला बोलायला शिकवायचं असेल तर स्टुडिओतला स्वच्छ आवाज लागतो, यंत्राला माणसांचं ऐकायला शिकवायचं असेल तर बाजार, पंखे, कोंबड्या, बोलीभाषा सगळं लागतं. बोलण्यासाठी शांतता, ऐकण्यासाठी गोंगाट. बूथमधला आवाज हा नक्कल करायला सगळ्यात सोपा आवाज आहे. बहिणीच्या करारांमध्ये आताशा ‘भविष्यातील कोणत्याही तंत्रज्ञानासाठी’ अशी ओळ येते. ती ओळ आम्ही खोडून पाठवतो. दोन कामं त्यामुळे गेली.

यावर कोणी म्हणेल की कोरी शांतता असं काही नसतंच. जॉन केज हा अमेरिकन संगीतकार हार्वर्डच्या निःशब्द खोलीत गेला तेव्हा त्याला तिथेही दोन आवाज ऐकू आले, एक उंच आणि एक खर्ज. आपलंच शरीर वाजत होतं, असं तो पुढे सांगत असे. १९५२ साली त्याने चार मिनिटं तेहेतीस सेकंदांची रचना सादर करवली, जिच्यात पियानोवादक एकही सूर वाजवत नाही. मला ती रचना आवडते, पण तिचा इथे उपयोग नाही. सभागृहातली खाकर-खोकर ऐकायला तिकीट काढून आलेल्यांना ती ऐकू येते. घरात स्वयंपाक थांबवून बसलेल्या बाईला कोणी शांततेचं सौंदर्य सांगू नये.

शेवटी आम्ही मिस्त्रींचाच बूथ घेतला. ८५ हजारांत बसला, त्यातला मोठा वाटा दाराचा. बहिणीने दोन अटी घातल्या. पहिली, फवारणीसारखी कामं असतील तर ती दोन्ही सुरांत पाठवणार, ऐकणाऱ्याने निवडावं. दुसरी, खिडकी हवी. मी म्हटलं, काच हा भिंतीचा सगळ्यात कमजोर भाग, चार-पाच डेसिबल तरी जातील. “जाऊ दे ना दादा. अंदर बसून मले निदान कोणी दिसलं पायजे,” ती म्हणाली. मग वेगवेगळ्या जाडीच्या दोन काचा घातल्या, सहा आणि दहा मिलिमीटर, म्हणजे दोन्ही एकाच सुराला एकदम हलत नाहीत. खिडकीतून स्वयंपाकघराचा ओटा दिसतो.

पहिल्या आठवड्यात मोजलं तर उणे ६० ची अट पंखा मंद ठेवूनही पाळली जाते. नवरात्रात जाणार नाही, ढोलाचा खर्ज कापसाला आवरत नाही. ते दहा दिवस काम बंद. आईने दार उघडून आत डोकावून पाहिलं, हात लावून अस्तर दाबलं आणि विचारलं, “दुपारी खाली रायते का हे? निजाले बरं आहे.”