वयाचा रकाना

सरकारी नोकराच्या आयुष्यात जन्मतारखेला जे महत्त्व असते, ते कित्येकदा त्याच्या कर्तबगारीलाही नसते. आमचे काम आस्थापना शाखेतले. सेवापुस्तिकेतील जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहणे, खाडाखोड दिसल्यास पृच्छा करणे, आणि निवृत्ती जवळ आल्यावर 'माझी खरी तारीख निराळी आहे' असे सांगत येणाऱ्यांना नियम दाखवून परत पाठविणे, यात आमची दहा वर्षे गेली. वयाविषयी खोटे लिहिण्याचा मोह काय असतो, हे आम्ही इतरांच्या अर्जांतून पुष्कळ पाहिले होते. तो मोह प्रत्यक्ष आम्हांला झाला, तो मात्र एका कुत्र्यापायी.

बंड्या आमच्याकडे आला तो बदलीमुळे. आमच्याच कचेरीतील एक वडीलधारे मराठी गृहस्थ दिल्लीहून गुवाहाटीस निघाले. तेथे घर मिळण्याची शाश्वती नव्हती. म्हणून त्यांनी कुत्रा आमच्या स्वाधीन केला. "तीनेक वर्षांचा असेल," असे ते म्हणाले. देशी जातीचा, रस्त्यावर सापडलेला. त्याला जन्माचा दाखला कोठला? लसीच्या कार्डावरही वयापुढे 'पूर्ण वाढ झालेला' एवढीच नोंद होती. या गोष्टीला सहा वर्षे झाली. आता त्याच्या तोंडाभोवती पांढरे केस आले आहेत, आणि क्वार्टरचा जिना चढताना तो मधल्या वळणावर थांबून आमच्याकडे असे पाहतो की, जणू आम्हीच दमलो आहोत आणि तो आमच्यासाठी थांबला आहे.

त्याचा विमा आम्ही पहिल्याच वर्षी उतरविला होता. कुत्र्याचा विमा हे ऐकून पुष्कळांना हसू येते, तसे आमच्या आईलाही आले होते. परंतु कल्पना तशी नवी नाही. स्वीडनमध्ये कुत्र्याचा विमा १९२४ पासून उतरविला जातो. अमेरिकेत १९८२ साली पहिला विमा उतरला तो चित्रपटांतून गाजलेल्या लॅसी या कुत्र्याचा. आपल्याकडेही आता देशी, संकरित आणि विदेशी अशा सर्व कुत्र्यांना विमा मिळतो. मिळत नाही तो म्हाताऱ्यांना. आमचा हप्ता दरसाल वाढत वाढत जवळजवळ दुप्पट झाला, आणि यंदाच्या नूतनीकरणाच्या पत्रात तीन गोष्टी होत्या: हप्त्यात आणखी वाढ, उपचाराच्या खर्चातील काही हिस्सा यापुढे मालकाने सोसावा अशी अट, आणि दहा वर्षे पूर्ण झाल्यावर विमा बंद होईल अशी सूचना.

दुसऱ्या एका कंपनीचा हप्ता कमी होता. तिची अट एवढीच की, प्रथम विमा उतरविताना कुत्र्याला आठ वर्षे पूर्ण झालेली नसावीत. अर्जात वयाचा रकाना होता. तेथे 'सात' लिहिले असते, तर त्यास हरकत घेणारा कोणताही कागद जगात नव्हता. आमच्या पत्नीने तर सरळच सांगितले, "अहो, सात लिहा काय नि नऊ लिहा काय, त्याला कुठे वाचता येतंय? कंपनीनं तरी त्याचं बारसं पाहिलंय का?"

त्या रात्री आम्ही तो रकाना कोराच ठेवला आणि विचार करीत बसलो. मुक्या प्राण्याच्या हितासाठी लिहिलेले असत्य हे असत्यच असते काय, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. आमच्या बाजूला युक्तिवादही होता. सहा वर्षे आम्ही बिनतक्रार हप्ते भरले. त्या काळात बंड्या धडधाकट होता. कंपनीस त्याच्यापायी फारसे काही द्यावे लागले नाही. आता मूत्रपिंडाच्या तपासण्या, दात, सांधे, डोळ्यांतील मोतिबिंदू यांचे दिवस आले, तेव्हाच दार बंद व्हावे, हा न्याय कोठला? ज्या व्यवहाराने आम्हांला म्हातारा म्हणून बाहेर काढले, त्याच्याशी आम्ही तरुण म्हणून पुन्हा आत शिरलो, तर बिघडले काय?

या युक्तिवादाने आमचे जवळजवळ समाधान झाले होते. ते ढळले ते विम्याच्या इतिहासातील एका गोष्टीमुळे. अठराव्या शतकात लंडनमध्ये जेम्स डॉड्सन नावाचा एक गणिती होता. तेथील विमासंस्थेने त्यास घेण्याचे नाकारले. कारण ती पंचेचाळीस वर्षांपुढील माणसांना घेत नसे. डॉड्सनने आपले वय कमी सांगितले नाही. त्याने हिशेब मांडला: विमा उतरविताना जे वय असेल त्यानुसार हप्ता ठरवावा, आणि तो पुढे आयुष्यभर तेवढाच ठेवावा. तरुणपणी माणूस गरजेहून थोडे अधिक भरतो. ते शिल्लक साठत जाते आणि वृद्धपणी तेच त्याच्या उपयोगी पडते. तो स्वतः १७५७ साली वारला. त्याच्या तत्त्वावर चालणारी संस्था १७६२ साली निघाली. आज आपल्या आयुर्विम्याचा हप्ता चाळिशी उलटल्यावरही वाढत नाही, त्याचे मूळ तेथे आहे.

कुत्र्याच्या विम्याची रीत अशी नाही. तो करार एकेका वर्षाचा. त्या वर्षीच्या धोक्याचे मोल त्या वर्षी घ्यावयाचे आणि हिशेब मिटवायचा. बंड्याच्या तारुण्यात हप्ता कमी होता, याचा अर्थ त्याच्या वार्धक्यासाठी कोणीही, काहीही बाजूला ठेवीत नव्हते. कंपनी ठेवीत नव्हती आणि आम्हीही ठेवीत नव्हतो. जे पैसे त्या वर्षी वाचले ते आम्ही खर्चून टाकले. आणि आज वाढलेला हप्ता पाहून 'अन्याय' म्हणून ओरडत आहोत. कंपनीविरुद्ध आमची तक्रार मुळीच नाही असे नव्हे. जो इतकी वर्षे एकनिष्ठपणे हप्ता भरतो त्याला, अखेर काय होणार, हे पहिल्याच वर्षी ठळक अक्षरांत सांगावयास हवे, असे आमचे मत आहे. परंतु तक्रार निराळी आणि तिच्या आधारे खोटे लिहिणे निराळे.

कारण 'सात' लिहिल्याने खर्च नाहीसा होत नाही. तो दुसऱ्यावर जातो. विमा म्हणजे अनेकांनी मिळून भरलेली एक पेटी. बंड्याचे दोन वर्षांचे खोटे तारुण्य ज्यांनी आपल्या कुत्र्याचे वय खरे लिहिले त्यांच्या हप्त्यांतून भरून निघाले असते. त्यांतही एखादा आमच्यासारखाच कारकून असेल. १७६६ साली लॉर्ड मॅन्सफील्ड या इंग्रज न्यायाधीशाने विम्याच्या कराराला संपूर्ण सचोटीचा पाया घालून दिला, तो याच कारणासाठी: विमा उतरविणाऱ्यास जे ठाऊक असते ते विमा देणाऱ्यास ठाऊक नसते. जेथे पुरावा नाही तेथेच सचोटीची कसोटी लागते. दाखला जोडलेला असताना खरे लिहिण्यात पुण्य ते कोणते?

एवढे ठरल्यावर खरा प्रश्न उरला, आणि तो अधिक अवघड होता. विमा नाही, तर या मुक्या जिवाचे आम्ही किती देणे लागतो? दत्ताच्या पायाशी कुत्री बसतात, खंडोबाबरोबर कुत्रा चालतो, आणि सोबतच्या कुत्र्याला टाकून स्वर्गात येणार नाही असे धर्मराजाने सांगितले, हे आपण सारेच जाणतो. परंतु धर्मराजापुढे पशुवैद्याचे बिल नव्हते, आणि मागे साताऱ्यास दरमहा पैशांची वाट पाहणारी आईही नव्हती. आमच्यापुढे दोन्ही आहेत. केंद्र सरकारची आरोग्य योजना १९५४ साली दिल्लीत सुरू झाली. तिच्यातील 'कुटुंब' या शब्दात कुत्रा बसत नाही, आणि तो बसावा असे आमचे म्हणणेही नाही. आईचे औषध आधी, मुलांची फी आधी. हे लिहिताना आम्हांला संकोच वाटत नाही. ज्याला सर्वच कर्तव्ये सारखी वाटतात, त्याने बहुधा एकही नीट पार पाडलेले नसते.

तथापि, पहिले नव्हे म्हणून शून्य, असेही होत नाही. प्राण्यांचा छळ रोखण्यासाठी १९६० साली झालेल्या कायद्यात, ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या स्वास्थ्याची काळजी घ्यावी, असे कर्तव्यच सांगितले आहे. वाजवी कारणावाचून त्याला उपासमारीच्या वाटेवर सोडून देणे हा गुन्हा ठरविला आहे. कायदा एवढ्यावर थांबतो. आमच्या मते कर्तव्य असे: त्याला वेदना असतील तर त्या कमी करणे, साध्य असेल तो उपचार करणे, असाध्य असेल तेथे केवळ आपल्या मनाच्या समाधानासाठी त्याचे हाल न लांबविणे, आणि यांपैकी कोणताही निर्णय हप्त्याच्या कागदाकडे पाहून न घेणे. ही शेवटची अट पाळावयाची तर पैसा आधीच बाजूला असावा लागतो. हिशेब हा प्रेमाचा शत्रू आहे असे आपण उगाच मानतो. ज्याने वेळेवर हिशेब केला नाही, त्याच्यावरच आयत्या वेळी प्रेमाचा हिशेब करण्याची पाळी येते.

यातून आम्हांला एक भेद कळला. अपघात हा धोका आहे. तो होईल किंवा होणार नाही, म्हणून तो अनेकांत वाटून घेता येतो. वार्धक्य हा धोका नव्हे. जगला तर म्हातारा होणारच, हे कुत्रा घरी आणला त्या दिवशी ठाऊक असते. जे निश्चित आहे त्याचा विमा महाग होत होत अखेर अशक्य होतो, यात कोणाची दुष्टाई नाही. निश्चित गोष्टीसाठी विमा नव्हे, साठवण हवी. ज्यांच्या घरी आज पिल्लू आहे, त्यांनी विमा अवश्य उतरवावा. परंतु त्याच्याबरोबर पहिल्याच महिन्यापासून थोडी रक्कम वेगळी ठेवावी. ते शहाणपण आम्हांला सहा वर्षे उशिरा सुचले.

दुसऱ्या दिवशी आम्ही रकान्यात 'अंदाजे नऊ' असे लिहिले. अर्ज नाकारला गेला, हे सांगावयास नकोच. जुन्या कंपनीचा विमा उरलेल्या एका वर्षासाठी चालू ठेवला, आणि पोस्टाच्या बचत खात्यात पगाराच्या दिवशी थोडे पैसे टाकू लागलो. त्यासाठी आमचे सायंकाळचे बाहेरचे चहापाणी आणि एक मासिक बंद झाले. (ते मासिक हे नव्हे.) साठलेली रक्कम अद्याप मोठी नाही, एखाद्या शस्त्रक्रियेला ती पुरणार नाही, हे आम्हांला कळते. पत्नी अजूनही अधूनमधून म्हणते, "सात लिहिलं असतं तर बरं झालं असतं." ती चूक आहे असे आम्ही म्हणतो, पण बंड्या रात्री कण्हला की तेवढ्या ठामपणे म्हणवत नाही.

मात्र कचेरीत कोणी जन्मतारीख बदलण्याचा अर्ज घेऊन आला, तर आता आम्ही त्याला प्रथम बसावयास खुर्ची देतो. नियम तोच सांगतो; परंतु तो सांगताना आवाज पूर्वीसारखा चढत नाही.